अज्ञात म्हणे!

जगातल्या संग्रहालयांमधल्या सगळ्यात जास्त वस्तू कुणी बनवल्या असतील? उत्तर सोपं आहे. ‘अज्ञात’ नावाच्या माणसाने. हा गृहस्थ भलताच कामसू दिसतो. त्याने इजिप्तमध्ये मडकी केली, पेरूमध्ये कापड विणलं, आपल्याकडे दिवे आणि अडकित्ते घडवले, आणि जपानमध्ये बाटल्या. हजारो वर्षं न थकता काम करतोय आणि एकदाही पगारवाढ मागितलेली नाही. असा एम्प्लॉयी मिळावा म्हणून कितीतरी कंपन्यांचे एचआरवाले देव पाण्यात घालून बसले असतील.

आज त्याच्याच एका बाटलीबद्दल लिहायचंय. आधीच सांगून टाकतो, सूर भांडणाचा आहे.

एका परदेशी संग्रहालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमधली ही नोंद. (संग्रहालयाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा रोग एकट्या त्याचा नाही.) वस्तू: बाटली. देश: जपान. ठिकाण: नाएशिरोगावा, सात्सुमा. काळ: एकोणिसावं शतक. माध्यम: स्टोनवेअर, काळी झिलई. बनवणारा: अज्ञात. त्याखाली देणगीदाराचं पूर्ण नाव, देणगीचं वर्ष, नोंदणी क्रमांक, आणि फोटोचा हक्क कुणाकडे आहे ते. म्हणजे ज्याने ती विकत घेतली तो आहे, ज्याने फोटो काढला तो आहे. ज्याने मातीचा गोळा चाकावर ठेवून ती वर ओढून काढली, तेवढा एकटाच गायब.

बाटली दिसायला साधी आहे. आपल्या सुरईसारखी बारीक मान, खाली गोल पोट. खांद्यावर झिलई जाड, काळीभोर आणि ओल्या कातळासारखी चमकणारी. जिथे ती पातळ झालीये तिथे तपकिरी छटा. तळाजवळ झिलई संपते आणि उघडी भाजलेली माती दिसते. नक्षी नाही, सोनं नाही, सही नाही.

स्टोनवेअर म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. लोणच्याची बरणी! माठ कमी आचेवर भाजतात, म्हणून त्याची माती सच्छिद्र राहते, पाणी पाझरतं आणि गार होतं. स्टोनवेअर १२०० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याच्याही वर भाजतात. त्या उष्णतेला मातीचे कण एकमेकांत वितळून दगडासारखे घट्ट बसतात. मग तेल मुरत नाही, खार बाहेर येत नाही. आणि काळा रंग? तो लोखंडाचा. झिलईत लोखंडाचा ऑक्साइड एक-दोन टक्के असला आणि भट्टीत हवा कोंडली, तर हिरवट निळी सेलॅडॉन झिलई मिळते. तेच प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर गेलं की काळा. हे वाचायला सोपं आहे. पण ज्याच्याकडे थर्मामीटर नाही, लॅब नाही, नुसता ज्वाळेचा रंग बघून भट्टी कधी थांबवायची ते ठरवायचंय, त्याला यासाठी अर्धं आयुष्य द्यावं लागतं. म्हणजे ‘अज्ञात’ हा कुणी ऐरागैरा नव्हता. आपल्या भाषेत सीनियर होता.

आता भांडण.

जपानी भांडी आणि अनामिक कारागीर म्हटलं की एक नाव हमखास निघतं: यानागी सोएत्सु (१८८९–१९६१). त्यांनी १९२५ मध्ये हामादा शोजी आणि कावाई कानजिरो या दोन कुंभार मित्रांबरोबर ‘मिंगेई’ हा शब्द घडवला. अर्थ, लोकांची कला. १९३६ मध्ये तोक्योत त्यांचं ‘निहोन मिंगेईकान’ हे संग्रहालय उघडलं आणि ते आजही चालू आहे. नाएशिरोगावाची काळी भांडी यानागींना फार आवडायची. त्यांच्या विचारांचं इंग्रजी पुस्तक बर्नार्ड लीच यांनी १९७२ मध्ये काढलं. त्याच्या नावाचा अर्थच ‘अज्ञात कारागीर’.

यानागींचं म्हणणं थोडक्यात असं. साधा कारागीर परंपरेने शिकवलेलं काम हजारो वेळा करतो. त्यात त्याचा ‘मी’ विरघळून जातो. ‘मी’ गेला की सौंदर्य आपोआप येतं. त्याला ते यावं असंही वाटत नसतं, म्हणून तर येतं. उलट नाववाला कलावंत सही करतो आणि तिथेच त्याचा अहंकार भांड्यात शिरतो.

यातला अर्धा भाग मला पटतो. हजार वेळा केल्याने हात शहाणा होतो, हे कुठलाही प्रोग्रॅमर, तबलजी किंवा पोळ्या करणारी बाई सांगेल. पण ‘अहंकार नाही’ इथून ‘नाव नाही’ इथे जी उडी मारलीये ना, ती खोटी आहे. नाव आणि अहंकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं नाव माझ्या आईने ठेवलं, त्यात माझा कसला अहंकार?

ही उडी आज तुमच्या-माझ्या फीडमध्ये रोज येते. सोमवारी सकाळी कुणीतरी लिंक्डइनवर एका जपानी भांड्याचा फोटो टाकतो. खाली वाबी-साबी, इकिगाई वगैरे मसाला. मग उपदेश: ‘त्या अनामिक कुंभारासारखं श्रेयाची अपेक्षा न ठेवता काम करा.’ पोस्टवर टाकणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोटो आणि सर्टिफिकेशन्स ठळक. हे म्हणजे जेवून ढेकर देत उपासाचं महत्त्व सांगणं झालं.

पण माझं खरं भांडण याहून मोठं आहे. या बाटलीच्या बाबतीत ‘अज्ञात’ हा शब्द नुसता आळशीपणाचा नाही. ती ज्या गावातून आली त्या गावाचा सगळा इतिहासच नावांवरून झालेल्या जबरदस्तीचा आहे.

१५९२ ते १५९८ या काळात तोयोतोमी हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. राज्य काही मिळालं नाही. पण परत येताना जपानी सरदारांनी माणसं पकडून आणली आणि त्यात कुंभार होते. कोरियन कुंभार तेव्हा तंत्रात खूप पुढे होते, आणि जपानी सरदारांना चहाच्या कटोऱ्यांचं वेड लागलेलं. जपानीत या स्वाऱ्यांना ‘भांड्यांची लढाई’ असंही म्हणतात ते याच्यासाठी. क्युशू बेटावरच्या आरिता, हागीपासून (हे पलीकडच्या होन्शूवर) सात्सुमापर्यंतच्या प्रसिद्ध कुंभारकामाची मुळं या पकडून आणलेल्या माणसांपर्यंत जातात. सात्सुमाचा सरदार शिमाझु योशिहिरो याने आणलेले लोक १५९८ च्या अखेरीस आजच्या कागोशिमा जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागले. त्यांच्यातल्या काहींनी नंतर नाएशिरोगावा हे गाव वसवलं. आता त्याला मियामा म्हणतात.

तिथे ते दोन तऱ्हेची भांडी करू लागले. पांढरी, म्हणजे ‘शिरोमोन’, ही सरदाराच्या घरासाठी. पांढरी माती दुर्मिळ, तिच्यावर मालकी सरदाराची. आणि काळी, म्हणजे ‘कुरोमोन’, ही बाकी सगळ्यांसाठी. पाण्याचे रांजण, किटल्या, कुंड्या, आणि रताळ्यापासून काढलेली शोचू नावाची दारू भरायच्या बाटल्या. काळ्यासाठी तिथली लोहयुक्त माती चालायची. मोठी भांडी आतून आधार देऊन बाहेरून फळीने थापटत करायचे. आपले कुंभार थापीने मडकं मोठं करतात तसंच. ही पद्धतही कोरियातून आलेली.

आता नावांचं बघा. या लोकांनी कोरियन आडनावं, कोरियन पेहराव आणि कोरियन भाषा सोडू नये, असा सात्सुमाच्या सरंजामी सत्तेचा दंडक होता. बाहेरच्यांशी मिसळण्यावरही बंधनं. का? प्रेमापोटी नव्हे. सरदाराला दुभाषे लागायचे, कसब गावाबाहेर जायला नको होतं, आणि दरबारात मिरवायला आपल्या पदरी परकी माणसं आहेत हे बरं दिसायचं. परंपरेने गावातली सतरा कोरियन आडनावं सांगतात. किम, पाक, शिम, चोंग, छोए, पेक वगैरे. जपानी उच्चारात किन, बोकु, चिन, तेई, साई, हाकु. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं ही नावं हुकुमाने जपली गेली.

मग १८६८ मध्ये मेइजी राजवट आली. सरदार गेले, त्यांचं संरक्षण गेलं. नाएशिरोगावाच्या लोकांना सामुराईंच्या वर्गात जागा मिळाली नाही, साध्या रयतेत टाकलं गेलं. त्यांनी अर्ज केले, ते फेटाळले गेले. जे आडनाव बदलायला बंदी होती तेच आता अडचणीचं झालं. एकेक घर जपानी आडनाव घेऊ लागलं.

यातलं एक घर जगाच्या इतिहासात आलंय. १८८२ मध्ये या गावात बोकु शिगेनोरी नावाचा मुलगा जन्मला. तो जेमतेम चार वर्षांचा असताना, १८८६ मध्ये, त्याच्या वडिलांनी तोगो नावाच्या एका सामुराई घराण्याचं आडनाव विकत घेतलं. होय, विकत. हा मुलगा म्हणजे तोगो शिगेनोरी, पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हाचा आणि पुन्हा १९४५ मध्ये शरणागतीच्या वेळचा जपानचा परराष्ट्रमंत्री. कुंभारांच्या गावातला बोकु हे नाव घेऊन त्या खुर्चीपर्यंत पोचला असता का, याचं उत्तर त्याच्या वडिलांनी पैसे मोजून देऊन ठेवलं होतं.

आणि चित्र पूर्ण करायचं तर एक तारीख अजून. १९१० पासून कोरिया जपानची वसाहत होती. १९४० मध्ये जपानी सत्तेने तिथल्या लोकांना जपानी पद्धतीची नावं घ्यायला लावणारा कायदा लागू केला. म्हणजे तोक्योत ‘अज्ञात कारागिराचं’ संग्रहालय उघडल्यावर चार वर्षांनी, त्याच साम्राज्यात, ज्यांच्या पूर्वजांच्या भांड्यांवर हे सौंदर्यशास्त्र उभं राहिलं त्यांची नावं कागदोपत्री पुसली जात होती.

इथे यानागींवर अन्याय करायचा नाहीये. कोरियाबद्दल जाहीरपणे हळहळणाऱ्या फार थोड्या जपानी लोकांपैकी ते एक होते. १९२२ मध्ये सोलचा ग्वांगहामुन दरवाजा पाडायचं घाटत होतं, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध लिहिलं. १९२४ मध्ये सोलमध्ये कोरियन लोककलेचं छोटं संग्रहालय काढलं. माणूस चांगला होता. पण चांगल्या माणसाचा सिद्धांतही चुकीचा असू शकतो, आणि चांगल्या माणसाचा म्हणून तो जास्त टिकतो. युको किकुची यांनी २००४ च्या पुस्तकात मिंगेई विचाराची जी चिरफाड केलीये, तिचा रोख हाच आहे: यानागींनी कोरियाकडे बघितलं ते पाश्चात्त्यांनी पूर्वेकडे बघावं तसं. तिकडची माणसं भोळी, निसर्गाच्या जवळची, दुःखी आणि सुंदर. आणि अर्थातच निनावी.

बरं, नाएशिरोगावातली सगळीच माणसं निनावी राहिली का? नाही ना! शिम घराण्यातला बारावा चिन जुकान १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात गेलेल्या सात्सुमा फुलदाण्यांमुळे युरोपात गाजला. त्याचं नाव आहे, पिढी आहे, वर्ष आहे. आज त्या घराण्याची पंधरावी पिढी त्याच गावात काम करतेय. मग याचं नाव टिकलं आणि शेजारच्याचं का गेलं? एक जण ‘मी’ विरघळवण्यात कमी पडला आणि दुसरा पोचलेला योगी होता म्हणून? छे. एकाची फुलदाणी पांढरी होती, श्रीमंतांसाठी होती आणि प्रदर्शनात गेली. दुसऱ्याची बाटली काळी होती आणि शेतकऱ्याच्या चुलीपाशी गेली. नाव कुणाचं लिहायचं हे सौंदर्याने ठरलेलं नाही, गिऱ्हाइकाने ठरलंय.

याचा सगळ्यात मोठा पुरावा क्योतोत आहे. दाइतोकुजी मंदिराच्या परिसरातल्या कोहो-आनमध्ये एक चहाचा कटोरा जपून ठेवलाय. जपानची राष्ट्रीय ठेव. यानागींनी तो १९३१ मध्ये पाहिला आणि त्यावर त्यांचा सगळ्यात गाजलेला निबंध लिहिला. कटोरा कोरियात झालेला, कुंभार अज्ञात. पण कटोऱ्याला नाव आहे बरं का! ‘किझाएमोन’. हे किझाएमोन कोण? ओसाकाचा एक व्यापारी, कटोऱ्याचा एके काळचा मालक. म्हणजे नाव नसण्यात सौंदर्य आहे, पण ते फक्त करणाऱ्याच्या बाबतीत. बाळगणाऱ्याचं नाव थेट वस्तूलाच चिकटवलेलं चालतं.

आपल्याकडेही संग्रह बाळगणाऱ्यांच्या नावानेच ओळखले जातात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या चिनी-जपानी वस्तूंचा मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आला. ही नावं असावीतच. त्यांनी जमवलं आणि दिलं म्हणून आपण बघू शकतो. माझा आक्षेप नाव असण्याला नाही. नाव असणं जर इतकं साधं आणि योग्य आहे, तर ते एकाच बाजूला का, एवढाच प्रश्न आहे.

आता थोडं आमच्या धंद्यातलं.

डेटाबेसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं की ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी जागाही नव्हे. नल म्हणजे ‘इथे किंमत होती की नाही ते मला सांगता येत नाही’. नवशिका पोरगा नल दिसला की शून्य धरतो आणि महिनाअखेरचा रिपोर्ट गंडतो. मिंगेईवाल्यांनी नेमकं हेच केलं. संग्रहालयाच्या तक्त्यात ‘बनवणारा’ या रकान्यात नल होता. त्यांनी त्याचा अर्थ ‘नाव नव्हतं’ असा लावला. मग ‘नाव नको होतं’ असा. आणि शेवटी ‘नाव नसणं हेच सुंदर’ असा. एका न भरलेल्या रकान्यातून अख्खं तत्त्वज्ञान!

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो तिथे जुन्या व्हर्जन कंट्रोलमधून गिटवर जायचं ठरलं. काम बाहेरच्या एका टीमला दिलं होतं. जुनी युजरनेम्स नव्या नावांशी जुळवायचं किचकट काम त्यांनी केलंच नाही. दहा-बारा वर्षांचा सगळा इतिहास एका सर्व्हिस अकाउंटच्या नावावर ओतला. कुठलीही फाइल उघडा, प्रत्येक ओळीचा लेखक एकच: ‘मायग्रेशन’. त्यात व्याजाच्या हिशोबाचा एक भाग होता, आमच्या एका सीनियर बाईंनी दीड वर्ष खपून लिहिलेला. लीप इयर, अर्धवट हप्ते, सुट्टीच्या दिवशी येणारी तारीख, सगळं सांभाळणारा. बाई तोवर नोकरी सोडून गेल्या होत्या. नंतर आलेली पोरं म्हणायची, ‘हा मायग्रेशन कोण होता यार, काय कडक कोड लिहिलाय!’ सगळे हसायचे. पण दोन वर्षांनी तेच वाक्य मीटिंगमध्ये गंभीरपणे आलं. ‘हा लेगसी कोड आहे, कुणी लिहिला माहीत नाही.’ माहीत नाही? त्या खोलीत बसलेल्या तिघांना माहीत होतं. रकान्यात नव्हतं, एवढंच.

नाव कुणी मुद्दाम पुसलं असं नेहमी होत नाही. पुष्कळदा एवढंच होतं: माल एका जागेहून दुसऱ्या जागी हलवताना काय सोबत न्यायचं हे हलवणारा ठरवतो. बाटली नाएशिरोगावातून दलालाकडे गेली, दलालाकडून संग्राहकाकडे, संग्राहकाकडून संग्रहालयात. दर टप्प्यावर किंमत लिहिली गेली, वर्ष लिहिलं गेलं, मालक लिहिला गेला. करणाऱ्याचं नाव विचारावंसं कुणाला वाटलं नाही.

मला माहितीये आता काय काय म्हणाल ते. एकेक घेऊ.

‘अहो, ते लोक स्वतःच सही करत नव्हते.’ बरोबर. माझी आजीही पापडावर सही करत नव्हती. पण कुणाचे पापड आहेत हे आळीत सगळ्यांना तोंडात टाकताच कळायचं. सही नसणं आणि नाव नसणं या दोन गोष्टी आहेत. सही लागते ती माल ओळखीच्या बाहेर जातो तेव्हा. एकोणिसाव्या शतकात त्या बाटलीतून शोचू ओतणाऱ्याला ती कुठल्या घरच्या चाकावरची आहे हे बहुधा ठाऊक असणार. आपल्याला ठाऊक नाही. म्हणजे ‘अज्ञात’ हे बाटलीचं वर्णन नाहीये, आपलं आहे.

‘एका बाटलीमागे अनेक हात असतात, कुणाचं नाव लिहिणार?’ हेही खरं. माती खणणारा वेगळा, चाकावर बसणारा वेगळा, भट्टी लावणारा वेगळा. मग ‘अनेक हात’ असं लिहा की! सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयपर्यंत नावं जातात, कुणी म्हणत नाही की दोनशे जण होते म्हणून ‘दिग्दर्शक: अज्ञात’.

‘नावाने सौंदर्यात काय फरक पडतो?’ काहीच नाही. मान्य. मग देणगीदाराचंही काढा. तयार आहात? नाही ना. मग सौंदर्याचं कारण पुढे करू नका.

‘पण हामादांनी तर मुद्दाम सही सोडली होती!’ हो. आणि इथेच गंमत आहे. हामादा शोजी (१८९४–१९७८) तोक्योच्या उच्च तंत्रशाळेत शिकलेले. १९२० मध्ये लीचबरोबर इंग्लंडला जाऊन सेंट आइव्हजची भट्टी उभारणारे. परत येऊन माशिको गावात स्थिरावले आणि भांड्यांवर सही करणं त्यांनी बंद केलं. १९५५ मध्ये सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेव’ हा मान दिला, म्हणजे नाव सरकारी गॅझेटात. आणि भांड्यावर सही नसली तरी भांडं ज्या लाकडी पेटीत जातं त्या पेटीवर ते सही करायचे. बाजारात त्या पेटीलाही किंमत येते. हामादांच्या काळ्या झिलईच्या बाटल्या मला अतिशय आवडतात, त्यांच्या साधेपणाबद्दलही शंका नाही. पण नाव न लिहिण्याची चैन त्यालाच परवडते ज्याचं नाव सगळ्यांना आधीच माहीत असतं. नाएशिरोगावातल्या माणसाने नाव ‘सोडलं’ नव्हतं. सोडायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.

दुसरा रस्ता तेव्हाही होता, हे महत्त्वाचं. एडवर्ड मोर्स (१८३८–१९२५) हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये जपानला गेला तो शिंपल्यांसारखे दिसणारे समुद्री जीव अभ्यासायला. भांड्यांचा नाद लागला. निनागावा नोरिताने या जपानी जाणकाराकडे तो बसून शिकला आणि मग भांडी जमवली तीही शास्त्रज्ञासारखी: कुठला प्रांत, कुठली भट्टी, कुठलं घराणं, तळावर कुठली खूण. त्याचा हजारो भांड्यांचा संग्रह १८९२ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने विकत घेतला आणि १९०१ मध्ये त्याची जाडजूड सूची निघाली. प्रांतवार लावलेली, कुंभारांच्या खुणांची चित्रं देणारी. रसिक मंडळी त्याला हसायची. हा माणूस भांड्यांकडे कवीसारखं न बघता कारकुनासारखा बघतो म्हणून. मला विचाराल तर कुंभाराचा खरा मान या कारकुनाने ठेवला. ज्याला तुमच्याबद्दल खरंच आदर असतो तो आधी तुमचं नाव विचारतो. ज्याला तुमच्याबद्दल गहिवर येतो तो तुमच्यावर निबंध लिहितो.

मग करायचं काय? शोधूनही प्रत्येक बाटलीचा कुंभार सापडणार नाही, हे मला कळतं. खोटं नाव चिकटवा असं मी म्हणतच नाहीये. मागणं छोटं आहे. ‘अज्ञात’ हा शब्द काढा. उत्तर अमेरिकेतल्या काही संग्रहालयांनी ‘कलाकार अज्ञात’ ऐवजी ‘एके काळी ज्ञात असलेला कलाकार’ अशा अर्थाच्या पाट्या लावायला सुरुवात केलीच आहे. दोन शब्दांचा बदल, पण दोष कुंभारावरून उचलून नोंद ठेवणाऱ्यावर जातो. आणि जिथला इतिहास माहीत आहे तिथे तो लिहा. ‘जपान, एकोणिसावं शतक’ एवढ्यावर सोडू नका. या बाटलीसाठी मी पाटी लिहून बघितली:

‘बाटली. स्टोनवेअर, काळी झिलई. नाएशिरोगावा, सात्सुमा, एकोणिसावं शतक. १५९८ मध्ये कोरियातून पकडून आणलेल्या कुंभारांनी वसवलेल्या गावात, रोजच्या वापरासाठी केलेली. बनवणाऱ्याला नाव होतं. ते नोंदवलं गेलं नाही.’

तीसेक शब्द. कुठल्याही पाटीवर मावतात, डेटाबेसच्या रकान्यात तर नक्कीच. स्कीमासुद्धा बदलावा लागत नाही.

हीच पाटी इंग्रजीत करून काल रात्री त्या संग्रहालयाच्या क्युरेटरना मेल केलीये, खाली माझं पूर्ण नाव घालून. उत्तर आलं तर कळवतोच. तोवर तुमच्या ऑफिसात कुणी ‘हे कुणी लिहिलंय माहीत नाही’ म्हणालं, तर खोलीत नजर फिरवून बघा. माहीत असलेलं कुणीतरी बहुतेक तिथेच बसलेलं असतं. त्याला विचारा, आणि नाव लिहून टाका.